वसईच्या किल्ल्यातील ओसाड देवळे, त्यांतील थडगी व युद्धाची स्मारके

(ज्युबिलीनिमित्त मुरुम येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा व ईशस्तवनाचा दिवस. अशा मंगल प्रसंगी व्याख्यात्याने ओसाड देवळे, थडगी व रणभूमी हा विषय निवडावा, हे कित्येकांस विपरीत वाटेल. लग्नमंडपात कोणी स्मशानाची वाट सांगू लागावे, तसे हे झाले असेही कोणी म्हणेल. तथापि ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी घेतला म्हणजे ही शंका राहत नाही. हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे दर पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे आणि प्रत्येकाने आपापल्या वतनाकडे व आपापल्या कुळाकडे परत जावे, अशी इस्राएल लोकांस आज्ञा होती. म्हणजे ज्युबिली हे परत जाण्याचे वर्ष होय. आणि कुळाकडे परत जाणाऱ्या माणसास वाटेत पूर्वजांची थडगी लागल्यावाचून राहत नाहीत. यास्तव आज थोडा वेळ आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या एका जुन्या वतनाकडे, वसईकडे, परत जाऊ या.

मुरुम कोठे आणि वसई कोठे, असे आपण विचाराल. हे गाव बालाघाटच्या काळ्या मातीत, उमरगे तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत. ते गाव पश्चिम समुद्राच्या काठी, केळी-नारळीच्या बागांत. तरीही ह्या दोन मुलखांची गाठ फार जुनी नसली तरी पक्की बसलेली आहे. सन २०२० च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन आपल्याच जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेस म्हणजे आताच्या धाराशिवास, भरले. आणि त्याच्या अध्यक्षपदी वसईच्या नंदाखाल गावचे सुपुत्र, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हे निवडून आले. कॅथलिक धर्मगुरूस तो मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. त्यांच्या 'सुबोध बायबल' ह्या ग्रंथास २०१३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. ज्या भूमीने असा पुरुष मराठी भाषेला दिला, त्या भूमीची कहाणी आपणांस परकी कशी असेल?

आता त्या कहाणीकडे वळू. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याने तहान्वये वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांनी तेथे दहा बुरुजांचा बळकट कोट उभारला आणि त्या कोटाच्या पोटात एक संपूर्ण शहर वसविले. एक वेस जमिनीच्या बाजूस, दुसरी समुद्राच्या बाजूस. मध्ये रस्ते, वाडे, इस्पितळे, मठ व देवळे. वसईकडील जुनी ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणत आली आहेत. म्हणून मीही आज तोच शब्द वापरीत आहे. फ्रान्सिस्कन, येजूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन ह्या चारही संघांनी त्या कोटात आपापली देवळे बांधिली, आणि शहराचे मुख्य देऊळ संत जोसेफच्या नावाने उभे राहिले. त्या देवळाचा १६०१ साली जीर्णोद्धार झाल्याचा लेख दगडावर कोरून ठेवण्यात आला होता. नकाशे आखणारे परदेशी असतील; पण दगड फोडणारे, चुना मळणारे, डोक्यावरून घमेली वाहणारे हात इथल्याच कष्टकऱ्यांचे होते, हे आपण विसरू नये. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

ह्याच शहरात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोन्सालो गार्सिया जन्मास आला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. येजूसंघीयांच्या शाळेत शिकून तो जपानास गेला, पुढे त्याने व्यापार केला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत तो एक होता. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्यास संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेल्यांपैकी तो पहिला संत. वसईच्या कोटातील जे देऊळ येजूसंघीयांनी येजूच्या पवित्र नावाने बांधिले होते, त्यास आज लोक गोन्सालो गार्सियाचेच देऊळ म्हणून ओळखतात. नागासाकीचे हे नाव आपण लक्षात ठेवावे. व्याख्यानाच्या ओघात आपणांस तिकडे पुन्हा जावयाचे आहे.

ही देवळे बंद कशी पडली? ती भूकंपाने पडली नाहीत, की भाविक आटल्यामुळेही पडली नाहीत. ती युद्धामुळे बंद पडली, आणि ते युद्ध का झाले हे आपण निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत हिंदू रयतेस आपला धर्म मोकळेपणाने आचरिता येत नव्हता. देवालये पाडली गेली होती, सण-उत्सवांवर बंधने आली होती. दुसऱ्याच्या देवघरास हात लावून आपले देवघर सुरक्षित राहील, असे ज्या राजसत्तेस वाटले, तिने आपल्याच देवळांच्या पायाखाली सुरुंग पेरून ठेविला होता. त्या जाचास कंटाळून अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली, आणि १७३७ साली बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा ह्यांनी मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली. वसईचा शेवटचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीपासून आवळला गेला.

तो वेढा किती निकराचा होता, हे मराठी वाचकांस बखरी व पत्रांवरून ठाऊकच आहे. तीन बाजूंस पाणी व चिखल, एकाच बाजूने जमीन. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणावे, आतल्यांनी ते शोधून उधळावे. भगदाड पडावे, आणि त्या भगदाडात शेकडो माणसांनी देह ठेवावे. मराठ्यांचीच माणसे हजारांनी पडली. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला, अशी परंपरा आहे. पुढे बांधलेले वज्रेश्वरीचे मंदिर त्या नवसाची साक्ष म्हणून दाखविले जाते. आत कोटामध्येही नवस चालूच होते. तेथेही आया आपल्या मुलांसाठी पवित्र मरीयेच्या पायांपाशी गुडघे टेकीत होत्या. एकाच रात्री तटाच्या दोन्ही बाजूंनी आकाशाकडे हात जोडले जात होते. अखेर सेंट सेबास्टियन बुरूज सुरुंगाने फुटला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी तहाची कलमे मान्य केली.

ती कलमे वाचण्यासारखी आहेत. पराभूत शिबंदीस शस्त्रांसह, नगारे वाजवीत व निशाणे फडकवीत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. कुटुंबे व चीजवस्तू नेण्यास आठवडाभराची मुदत मिळाली. आणि जे ख्रिस्ती मागे राहू इच्छितील, त्यांनी आपल्या धर्माप्रमाणे देवाची उपासना सुखाने करावी, असे अभिवचन मिळाले. हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीने, विजयाच्या घटकेस, हाती आलेल्या शत्रूशी असे वागणे, ही लहान गोष्ट नव्हे. आपण आज महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणून बसलो आहो, त्यामागे अशा दिलेल्या व पाळलेल्या शब्दांचाही वाटा आहे. कृतज्ञता हा जर ख्रिस्ती सद्गुण असेल, तर चिमाजी अप्पांचे नाव आपण आदराने घेतले पाहिजे. तो विजयी वीरही फार काळ राहिला नाही. १७४० च्या एप्रिलात बाजीराव गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. किल्ला पुढे १७८० साली इंग्रजांनी घेतला, परत दिला; आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसईस दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला, त्याने मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचाच शेवट आरंभिला. जिंकणारे व हरणारे दोघेही त्या वेशीतून निघून गेले. मागे राहिली ती देवळे.

माणसांवाचून देऊळ कसे मरते, ते तेथे पाहावे. प्रथम दिवा विझतो. मग कौले सरकतात, वासे कुजतात, छप्पर खाली येते. कोकणचा पाऊस थेट भिंतीवर पडू लागला म्हणजे चुना सुटतो. सुटलेल्या फटीत पिंपळाचे बी रुजते. आणि त्याचे मूळ जो दगड फोडते तो तोफेनेही फुटला नसता. वेदीच्या जागी गवत उगवते. कमानी तेवढ्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांतून आकाश दिसते.

परंतु बंधुभगिनींनो, येथेच ह्या कहाणीतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट आहे. कोटातील देवळे मेली, पण कोटाबाहेरची जगली. सांडोर, निर्मळ, आगाशी, नंदाखाल, पापडी, रेमेदी अशा गावोगावच्या देवळांत उपासना चालू राहिली. पोर्तुगीज संघांचे धर्मगुरू निघून गेल्यावर गोमंतकीय धर्मगुरूंनी ती गावे सांभाळली. लोक शेती-बागायतीत, मासेमारीत, आपल्या वाडवळी व सामवेदी बोलीत, आपल्या ओव्या-गाण्यांत ख्रिस्ती राहिले. त्याच परंपरेतून पुढे, २२ मे १९९८ रोजी, वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाले. जे देऊळ राजाच्या तटाला टेकून उभे होते, ते तटाबरोबर कोसळले. जे देऊळ रयतेच्या घरांना, शेतांना व भाषेला टेकून उभे होते, त्याला तोफेचा गोळा लागलाच नाही. आपल्या ह्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीस ह्याहून चांगला धडा मी कोणता सांगू? आपल्या देवळाची खरी भिंत शेजाऱ्याचा विश्वास ही होय.

आता त्या देवळांतील थडग्यांकडे वळू. त्या काळी प्रतिष्ठितांस देवळाच्या जमिनीतच पुरण्याची रीत होती. फ्रान्सिस्कन मठाच्या देवळात गेलात तर पायांखाली कोरीव शिळाच शिळा दिसतात; कोठे कुळाचे चिन्ह, कोठे नाव, कोठे साल. त्या शिळांवरून पावले गेली, पाऊस वाहिला, गुरे बसली, अक्षरे झिजली. मुख्य देवळाचा ज्याने जीर्णोद्धार केला, तो धर्मगुरू पेद्रो गाल्व्हाँव १६१८ साली गोव्यास निवर्तला. परंतु त्याच्या अस्थी तेथून आणून त्याच्याच देवळात पुरण्यात आल्या. कोणी आपल्या माणसाची हाडे समुद्रमार्गे इतक्या दूर आणतो, तेव्हा तेथे सदैव कोणीतरी प्रार्थना करील अशी त्याची खात्री असते. अशा जुन्या पोर्तुगीज थडग्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याने मृतासाठी एक 'हे आमच्या बापा' व एक 'नमो मरीया' म्हणावे, असे मागणे कोरण्याचीही चाल होती. मृत माणसाची एवढीच भीक. वसईच्या कोटात ती भीक घालणारे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे फार थोडे उरले आहेत. सहलीस येणारे येतात, छायाचित्रे काढितात, कोणी भिंतीवर खिळ्याने आपले नाव खरडतात आणि जातात. ज्याला स्वतःचे नाव दगडावर लिहावेसे वाटते, त्याने पायांखालचे नाव एकदा वाचावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आणि ज्यांना शिळाच मिळाली नाही त्यांचे काय? भगदाडात पडलेल्या मराठा, कोळी, भंडारी, महार, मुसलमान अशा अठरापगड शिपायांस कोणी थडगे बांधिले नाही. कोणास चितेवर दिले, कोणास घाईने मातीआड केले, कोणास खाडीनेच नेले. चिमाजी अप्पांचे स्मारक व त्यांचा पुतळा आज वसईच्या किल्ल्यात उभा आहे, आणि ते योग्यच आहे. पण साध्या शिपायाचे स्मारक कोणते? ते शोधू गेल्यास एक विलक्षण गोष्ट हाती लागते. ते स्मारक वसईत नाहीच. ते महाराष्ट्रभर टांगलेले आहे.

विजयी सैन्याने वसईच्या व साष्टीच्या देवळांतील घंटा उतरविल्या आणि विजयचिन्हे म्हणून देशावर नेल्या. नाशिकास गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवालयात जी थोरली घंटा आहे, तिजवर १७२१ हे ख्रिस्ती साल आहे. भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगापाशी अशीच एक घंटा आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, जी घंटा टांगलेली आहे, तिजवर बाळ येजूस घेतलेल्या पवित्र मरीयेची आकृती आहे. जी घंटा कोकणातल्या शेतकऱ्यास मिस्सेला बोलावीत होती, ती आता घाटावरल्या शेतकऱ्यास महादेवाच्या दर्शनास बोलाविते.

ह्या घंटांविषयी आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक बोच असते, हे मी जाणतो. आमच्या देवळातल्या घंटा, असे आपण म्हणतो. दुसरीकडे, 'तुम्ही वसईचे म्हणजे पोर्तुगीजांचे', असे कोणी शाळेत, कोणी कचेरीत, कोणी निवडणुकीच्या सभेत आपणांस ऐकवितो. एका बाजूस घंटा गमावल्याचे दुःख, दुसऱ्या बाजूस परकेपणाचा ठपका. आणि ह्या दोहोंच्या मध्ये मराठी ख्रिस्ती मनुष्य गप्प उभा राहतो. १७३९ साली तू कोणाच्या बाजूचा होतास, हा प्रश्न त्याला अडीचशेहून अधिक वर्षांनीही सुटलेला नाही.

मला वाटते, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण ताठ मानेने दिले पाहिजे, आणि ते असे: तटाच्या दोन्ही बाजूंस आमचीच माणसे होती. वेदीपाशी गुडघे टेकणारी आई आमची, कारण तिने दिलेला विश्वास आम्ही आज बोलून दाखवितो. भगदाडात पडलेला शिपाईही आमचा, कारण ज्या भाषेत आम्ही तो विश्वास बोलतो, ती त्याच्याच ओठांवरची. ज्याला घराण्यात दोन्हीकडची माणसे आहेत, त्याला भाऊबंदकीत एकाच पक्षाचा वकील होता येत नाही. त्याला दोघांसाठीही रडावे लागते, आणि दोघांसाठीही प्रार्थना करावी लागते. आणि त्या घंटा? त्या जेथे आहेत तेथेच राहोत. त्या फोडून तोफा ओतल्या नाहीत, वितळवून नाणी पाडली नाहीत. त्या आजही माणसांना देवाची आठवण देत आहेत. घंटेचा जन्म ज्यासाठी, ते तिचे काम थांबलेले नाही.

ह्या बाबतीत पवित्र शास्त्र आपणांस मार्ग दाखविते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात रणांगणाचा एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर यहूदा मक्काबी पडलेल्या शिपायांची प्रेते उचलावयास जातो, तो त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेचे निषिद्ध ताईत सापडतात. म्हणजे धर्मासाठी लढताना पडलेली ती माणसे स्वतः निर्दोष नव्हती. यहूदा त्यांना टाकून जात नाही. तो सैन्यात वर्गणी जमवून रुपे यरुशलेमास धाडितो आणि त्यांच्या पापांसाठी बलिदान करवितो. मृतांसाठी करावयाच्या प्रार्थनेचा हा आपल्या धर्मसभेचा जुना आधार आहे. आणि तो युद्धात पडलेल्या, चुकलेल्या माणसांविषयी आहे, हे विशेष. वसईत दोन्हीकडे चुकलेली माणसे होती. त्यांचा न्याय देवाने करावा. आपल्याकडे केवळ प्रार्थना सोपविली आहे. मिस्साबलिदानात, ज्यांची श्रद्धा एकट्या देवासच ठाऊक, अशाही मृतांचे स्मरण केले जाते. त्या वाक्यात वज्रेश्वरीस नवस करून निघालेल्या शिपायासही जागा आहे.

आता, म्हटल्याप्रमाणे, पुन्हा नागासाकीकडे. गोन्सालो गार्सिया जेथे मेला त्या शहरात उराकामी नावाचा ख्रिस्ती वस्तीचा भाग आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तो ह्या वस्तीजवळच. सुमारे १२,००० ख्रिस्ती लोकांपैकी जवळजवळ ८,५०० मृत्युमुखी पडले आणि त्यांचे भव्य देऊळ जमीनदोस्त झाले. देवळाच्या दोन घंटांपैकी एक फुटली. दुसरी ढिगाऱ्याखालून अखंड निघाली, आणि त्याच वर्षीच्या नाताळात, उद्ध्वस्त वस्तीत, ती वाजविण्यात आली. दुसऱ्या मनोऱ्याची जागा मात्र ऐंशी वर्षे रिकामीच राहिली. अखेर ज्या देशाने बाँब टाकिला, त्या अमेरिकेतील कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून नवी घंटा ओतवून पाठविली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. युद्धाचे स्मारक असेही असू शकते. एका युद्धाने वसईच्या घंटा नेल्या. दुसऱ्या युद्धानंतर, वसईच्या संताच्या मृत्युभूमीस, पूर्वीच्या शत्रूने घंटा आणून दिली. ह्या दोहोंकडे पाहून आपण कोणता पाठ घ्यावयाचा, हे मी निराळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, वसई दूर, नागासाकी त्याहून दूर. आमच्या दाराशी काय आहे? श्रोतेहो, आपल्या दाराशी नळदुर्ग आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे, मेजर जनरल चौधरींच्या हाताखालील भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली, ती ह्याच रस्त्याने. नळदुर्गापाशी शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग आपल्या तुकडीसह पुढे होता. त्याने शत्रूच्या दोन गाड्या अडविल्या. पुढे एका मोक्याच्या ठाण्यावरून गोळ्या येऊ लागल्या, तेव्हा मांडीत गोळी शिरली असताही तो सरपटत पुढे गेला, दोन हातबाँब फेकून ते ठाणे त्याने बंद पाडिले, आणि तेथेच प्राण सोडिला. स्वतंत्र भारताने अशोकचक्र ज्यांना प्रथम दिले, त्यांपैकी तो एक. पंजाबातल्या कोणा मातेचा मुलगा आपल्या मातीत पडला, आणि त्यानंतर चार दिवसांनी आपण स्वतंत्र भारताचे नागरिक झालो. १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करितो, तेव्हा त्याचे नाव कितीजणांस आठवते?

आणि त्या वर्षी जे पडले ते सारे शिपाई नव्हते. रझाकारांनी ज्यांची घरे जाळिली, ज्यांना गोळ्या घातल्या, ते साधे शेतकरी होते. आणि निजामाची सत्ता गेल्यावर जो सूड उगविला गेला, त्यात बळी पडलेले मुसलमान शेजारीही बहुतांशी निरपराधच होते. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने जे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नमूद केले, त्यांत आपला उस्मानाबाद जिल्हा होता. ह्या मृतांपैकी कित्येकांस ना शिळा, ना समाधी, ना कबर. वसईचा प्रश्न म्हणजे आपलाच प्रश्न आहे, असे मी म्हणतो ते ह्यासाठी. दोन्ही बाजूंचे मृत आपल्या शेतांच्या बांधांखाली निजलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी शब्द उच्चारणारे कोणीतरी हवे आहे.

तेव्हा ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने मी आपणांपुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली, धर्मग्रामाच्या वह्यांविषयी. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाह ह्यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृतांच्या वहीची भर घातली. वसईच्या शिळा झिजल्या. कागद त्याहून नाजूक. वाळवी, ओल व हयगय ह्या तिघींपासून आपल्या वह्या वाचवा, त्यांच्या प्रती करून ठेवा. ज्या गरीब माणसास दगडी थडगे परवडले नाही, त्याचे नाव ह्या जगात त्या एका ओळीतच शिल्लक आहे.

दुसरी विनंती, तरुणांविषयी. त्यांना एकदा वसईस न्या. तेथे त्यांनी कोटातले देऊळ पाहावे, चिमाजी अप्पांच्या स्मारकापुढेही आदराने उभे राहावे, आणि परत येताना कोटाबाहेरच्या एखाद्या जिवंत देवळात मराठीतून मिस्सा ऐकावी. तिन्ही ठिकाणी उभा राहिलेला मुलगा, तू कोणाच्या बाजूचा, ह्या प्रश्नास पुन्हा अडखळणार नाही.

तिसरी विनंती सर्वांत सोपी. २ नोव्हेंबरास आपण सर्व मृतांचा दिवस पाळितो, कबरींवर मेणबत्त्या लावितो. त्या दिवशी आपल्या माणसांच्या मेणबत्त्या लावून झाल्या म्हणजे एक अधिक लावा. ती ज्याचे कोणी नाही त्याची असो: वसईच्या भगदाडात पडलेल्याची, नळदुर्गाच्या रस्त्यावर पडलेल्याची, आणि ह्या तालुक्यात ज्यांच्या दारावर त्या वर्षी मृत्यूने थाप मारिली त्या सर्वांची, मग त्यांचा धर्म कोणताही असो. त्या मेणबत्तीस खर्च फार नाही. परंतु शेजारच्या वाड्यातील वृद्धाने ती पाहिली, आणि ही कोणासाठी, असे विचारिले, तर त्याला सांगता येईल की, तुमच्याही माणसासाठी. त्या एका उत्तराने आपल्या देवळाची भिंत जितकी बळकट होईल, तितकी दगडा-सिमेंटाने होणार नाही.

ज्या परमेश्वराने मृतांस उठविणारा आपला पुत्र आपणांस दिला, तो आपल्या ह्या धर्मग्रामास दीर्घायुष्य देवो. येथील दिवा कधी न विझो. येथील घंटा कोणा शेजाऱ्यास धाकाची न वाटता सोबतीची वाटो. आणि तटाच्या दोन्ही बाजूंस निजलेल्या सर्वांस तो सार्वकालिक विश्रांती देवो. आमेन.